कातडीच्या आतलं मीठ

पुंता मांग्ले
१९ मार्च १९९३

नेरेइदा,

दोन वर्षांत मी तुला पत्र लिहिलेलं नाही, आणि का लिहिलं नाही ते तुला ठाऊक आहे. आईला मातीत ठेवलं त्या दिवशी तुझी तार आली, ‘प्रयोग चालू आहे, निघता येत नाही.’ ती तार अजून माझ्याकडे आहे. पण आज तो विषय नाही. आज गरज मला आहे, म्हणून मान खाली घालून लिहितोय.

गेल्या शनिवारी समुद्र गावात आला. लाट नव्हती, पाणी नुसतं चढत गेलं, कंबरेपर्यंत, आणि रविवारी दुपारपर्यंत हललं नाही. माणसं वाचली. माझे गांडुळांचे चाळीस वाफे बुडाले. तू शहरात राहतेस म्हणून सांगतो, रशियाची जहाजं बंद झाल्यापासून इथे खताचं पोतं कुणी बघितलेलं नाही. तीनशे माणसांचे युकाचे कंद, रताळी, भाजी, सगळं या गांडुळांच्या खतावर चाललं होतं. गावच्या सहकारी संस्थेने ते काम माझ्यावर सोपवलं होतं.

लादिस्लाओने, म्हणजे आमच्या अध्यक्षाने, शुक्रवारीच टपालवाल्या चुचोच्या हातून इशाऱ्याची चिठ्ठी पाठवली होती म्हणे. मला ती मिळाली नाही. चुचो म्हणतो दिली. सभेने त्याची सायकल काढून घेतली, आता तो पायी टपाल वाटतो.

पाणी ओसरल्यावर वाफ्यात हात घातला तर गांडुळं नव्हतीच, दोऱ्याचे तुकडे होते. आटलेले, पिवळट, गाठी पडलेले. एकच वाफा राहिलाय, जुन्या होडीत भरलेला. नशिबाने तो मी आधीच टेकडीवर शाळेमागे नेला होता. पण वाऱ्याने समुद्राचे तुषार तिथवर उडवले, आणि वर मी मूर्खासारखं विहिरीचं पाणी घातलं. विहीरही खारट झाली आहे हे नंतर कळलं. आता तीही गांडुळं आटत चालली आहेत.

वीस वर्षं तू जळवांची कातडी काचेच्या दोन वाट्यांमध्ये अडकवून तिच्यातून मीठ कसं जातं ते मोजतेस. बाबा म्हणायचे, ‘पोरीला मीठच मोजायचं होतं तर मिठागरात जायचं, पगार तरी बरा मिळाला असता.’ आम्ही सगळे हसायचो. आता नाही हसत. हे मीठ बाहेर कसं काढायचं ते सांग. होडीतली गेली तर नवीन कुठून आणणार? आजूबाजूच्या सगळ्या गावांची हीच गत आहे.

तुझ्या ओदालिस वहिनीने आठवण लिहायला सांगितली आहे.

फेर्मिन


हवाना
१ एप्रिल १९९३

फेर्मिन,

तुझं पत्र यायला अकरा दिवस लागले. कागद मिळत नाही, म्हणून जुन्या आलेखांच्या पाठीवर लिहितेय. तारेबद्दल आज काही बोलत नाही. आधी गांडुळं.

गांडुळाच्या अंगात थोडं मीठ असतं. ओल्या मातीत त्याहून कमी असतं. त्यामुळे मातीतलं पाणी आपोआप त्याच्या कातडीतून आत शिरत राहतं, आणि ते त्याला सारखं मुतून टाकावं लागतं. त्याबरोबर थोडं मीठ जातंच. ते भरून काढायला कातडी मातीच्या पाण्यातून कण कण मीठ आत ओढते. जळूही हेच करते. जन्मभर एवढीच हमाली, पाणी बाहेर आणि मीठ आत. समुद्र आला की सगळं उलटतं. बाहेर मीठ जास्त झालं, की अंगातलं पाणीच कातडीतून निघून जातं. तू बघितलेस ते दोरे म्हणजे पाणी गेलेली गांडुळं.

पण आटलेलं गांडूळ मेलेलंच असतं असं नाही. निम्म्याहून जास्त पाणी गेलं तरी ते उठू शकतं. तोंडाच्या बाजूने हळूच बोट लाव. जरासं जरी आखडलं तरी जिवंत समज.

आता नीट वाच. त्यांना एकदम पावसाच्या पाण्यात टाकू नकोस. अंगात मीठ दाटलेलं असतं, त्यामुळे गोडं पाणी भसाभसा आत घुसेल, आणि ते बाहेर टाकायची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. पहिल्या दिवशी तीन वाटे खारट आणि एक वाटा गोडं, मग निम्मं निम्मं, असं करत पाच-सहा दिवसांत गोड्यावर आण. पाणी साचू देऊ नकोस. ती श्वासही कातडीनेच घेतात, बुडून मरतील.

कुठलं पाणी चांगलं ते जिभेवर ठरवू नकोस. दहा गांडुळं फडक्याने टिपून टपाल कचेरीतल्या काट्यावर तोल, तासभर त्या पाण्यात ठेव, परत टिपून तोल. वजन घटलं तर पाणी वाईट. माझ्याकडे यासाठी यंत्र आहे, पण बॅटरी मेली. गांडूळ त्या यंत्राहून खरं सांगतं.

मी बरी आहे. संस्थेत दुपारी थोडे तास वीज असते. जूनअखेर माझी प्रयोगशाळा बंद करणार आहेत. त्याआधी एक मोजणी पुरी करायची आहे. जेवायला मिळतं.

नेरेइदा


पुंता मांग्ले
१७ एप्रिल १९९३

डॉक्टरीणबाई,

एका पानावर सात ओळी. एवढं मोठं अक्षर कशाला? मी सहावी पास आहे, विसरलीस वाटतं. उघडं पत्र चुचोने माझ्या हातात बघितलं आणि म्हणाला, ‘काय रे, बहीण मुळाक्षरं शिकवतेय का?’ हल्ली त्याच्याशी मला बोलायला जमत नाही.

तुझं पत्र यायच्या चार दिवस आधीच मी होडीतली अर्धी गांडुळं पावसाच्या पिंपात टाकली होती. फुगली, पांढरी पडली, आणि दुसऱ्या दिवशी नुसता तवंग. त्यावर तुझं ते ‘नीट वाच’. पत्र फाडणार होतो, ओदालिसने हातातून काढून घेतलं. उरलेल्यांना तू सांगितलंस तसं केलं. सुमारे चारशे उठली. एकेकाला बोट लावून बघितलं.

काट्यावरचा तमाशा बघायला अर्धं गाव जमलं होतं. चारही विहिरी वाईट निघाल्या. फक्त शाळेच्या टाकीतलं पाणी चांगलं, आणि तेच सगळं गाव पितंय. पाऊस नाही. परवा सभेत लादिस्लाओ म्हणाला, “पोरांना प्यायला नाही आणि हा किड्यांना पाजतोय.”

मी म्हटलं, “किडे मेले तर पोरांना पुढच्या वर्षी काय खायला घालशील?”

“पुढच्या वर्षीचं राहू दे. आज काय घालू ते सांग.”

त्याच्याही घरी जेवणाऐवजी साखरेचं पाणीच आहे. आता टाकीतलं एक भांडंसुद्धा मला मिळणार नाही. होडीत आठ-दहा दिवसांची ओल आहे. काहीतरी सांग, नेरेइदा. वीस वर्षांत एवढं तरी शिकली असशील.

ओदालिसचे तळपाय निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळतात. खाऱ्या पाण्यात फिरल्यामुळे असेल असं तिला वाटतं.

फेर्मिन


हवाना
२ मे १९९३

फेर्मिन,

अक्षराचं मनावर घेऊ नकोस. शाईत पाणी घालून वापरतेय, बारीक लिहिलं तर उमटत नाही.

ओदालिसचे पाय समुद्रामुळे जळत नाहीत. इथे इस्पितळं अशा माणसांनी भरली आहेत. कुणाचे पाय जळतात, कुणाची नजर जाते. साखरेच्या पाण्यावर माणूस उभा राहतो, पण त्याच्या नसा उभ्या राहत नाहीत. तिला डॉक्टरकडे ने. जीवनसत्त्वांच्या गोळ्या वाटणार आहेत. त्या तिनेच घ्यायच्या, शेजारणीला द्यायच्या नाहीत. तिचा स्वभाव मला माहीत आहे.

टाकीवर मला उपाय सुचत नाही. तीन वेळा लिहायला बसले. मला कातडी कळते, गाव कळत नाही. गांडुळाला प्यायला पाणी लागत नाही, कातडी ओली राहिली की पुरे. पण ती ओल कुठून आणायची हे इथे बसून मी कसं सांगू? तुझी गांडुळं माझ्या पत्राची वाट बघत मरणार, हे मला दिवसभर डोक्यातून काढता येत नाही.

राग ओसरला असला तर लवकर लिही. इथे फारसं कुणाशी बोलणं होत नाही.

नेरेइदा


पुंता मांग्ले
१६ मे १९९३

नेरेइदा,

जगली आहेत. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळेही नाही.

त्या शनिवारच्या वादळाने टेकडीवरच्या केळी आडव्या केल्या होत्या. कुजत पडलेल्या. ओदालिसने त्यातला एक बुंधा कोयत्याने उभा चिरला आणि होडीत पालथा टाकला. मी ओरडलो, की आधीच मरताहेत, त्यात तुझा कचरा कशाला? ती म्हणाली, “ओरडून झालं की दुसरा चिरायला ये.” सकाळी बुंधा उचलला तर खाली गांडुळांचा गुच्छ, तुकतुकीत. हाताने पिळला तर बुंध्यातून पाणी गळतं. काट्यावर तोलून बघितलं, वजन हललं नाही. आता रोज दोन बुंधे चिरतो. मोहरीहून जराशी मोठी, दोन्ही टोकांना निमुळती अंडी दिसायला लागली आहेत.

“तुझ्या बहिणीला कळव,” ओदालिस म्हणाली, “केळीला विद्यापीठात जावं लागत नाही.”

पण टेकडीवर बुंधे किती, महिना-दीड महिन्याचे. आणि खाली जमीन पांढरी पडली आहे. दोन घरं गाव सोडून गेली. एका बाईने काल मला विचारलं, गांडुळं खाता येतात का. ती चेष्टा करत नव्हती.

तुझं पत्र ओदालिसने खिडकीशी नेऊन बघितलं. म्हणाली, शाई पातळ असेल तर अक्षर मोठं येईल, पण ओळी एकमेकींच्या अंगावर का चढतील? काय ते खरं लिही. पितेस बितेस का?

फेर्मिन


हवाना
२९ मे १९९३

फेर्मिन,

माझं मनगट मुरगळलंय, म्हणून हे ओर्तेन्सियाकडून लिहून घेतेय. ती संस्थेत फरशी पुसते आणि तिचं अक्षर आमच्या संचालकांपेक्षा चांगलं आहे.

केळीचं मला सुचायला हवं होतं. ओदालिसला सांग, मी हरले.

माझ्याकडे सहा जळवा उरल्या आहेत. कातडीत मीठ आत घ्यायची बारीक दारं असतात. एक पूड आहे, ती टाकली की ही दारं बंद होतात, आणि कातडीच्या दोन बाजूंमध्ये जी वीज असते ती पडते, यंत्रावर काटा खाली येतो. निदान मला तसं वाटतं. सहा जळवांवर दाखवता आलं तर शास्त्राच्या मासिकात छापतील. पाचांवर छापत नाहीत. त्यानंतर त्यांनी खोलीला कुलूप लावलं तरी चालेल.

मी पीत नाही. पिण्यासारखं इथे काही मिळत नाही.

नेरेइदा

साहेब, इथून पुढचं बाईंनी सांगितलेलं नाही. मनगटाला काही झालेलं नाही. बाईंना दिसत नाही. कडेचं दिसतं, मधोमध धूर असतो असं म्हणतात. मार्चपासून वाढतच चाललंय. कत्तलखान्यातून जळवांसाठी गाईचं रक्त यायचं ते बंद झालं, तेव्हापासून बाई जळवा स्वतःच्या दंडाला लावतात. जेवण म्हणाल तर पपनसाची साल तळलेली, तीही रोज नाही. डॉक्टरांच्या गोळ्या टेबलावर पडून आहेत. म्हणतात, गोळ्या घेतल्या तर माझं रक्त बदलेल, जळवांचं बदलेल आणि मोजणी बिघडेल. मी भांडून बघितलं. काटा वाचायला मी थांबले असते, पण वीज येते तेव्हा माझी घरी जायची गाडी सुटते आणि घरी सासू अंथरुणाला आहे. तुम्ही या. पत्र लिहू नका, या.

ओर्तेन्सिया


हवाना
१९ जून १९९३

ओदालिस,

चार दिवसांपूर्वी पोचलो. तू दिलेली युका तिला उकडून घातली. अर्धी खाल्ली आणि अर्धी ओर्तेन्सियासाठी ठेवली.

दार उघडलं तेव्हा तिने माझ्या कानाकडे बघितलं आणि विचारलं, “कोण?” कडेने दिसतं ना, म्हणून तोंडाकडे बघायचं तर कानाकडे बघते. मी तिला ओळखलं ते आवाजावरून. आईच्या शेवटच्या दिवसांत आई दिसायची तशी झाली आहे. बाही वर केली तर मनगटापासून खांद्यापर्यंत तीन टोकांचे व्रण, बारीक चांदण्यांसारखे. मी पुष्कळ बोललो. बाबासुद्धा कधी बोलले नसतील असं. ती ऐकून घेत होती.

“झालं?” म्हणाली. “वीज दोनला येते. काटा वाचशील?”

“आधी गोळी.”

“जळवा पाजून झाल्यात. आता घेतली तरी चालेल.” आणि माझ्यासमोर गिळली. एवढी साधी गोष्ट होती, ओदालिस, पण कुणीतरी समोर उभं राहायला हवं होतं.

रोज दोन कातड्या. ती जळू चिरते, बोटांनीच, बघायची गरजच नाही तिला. नखाएवढा तुकडा काचेच्या दोन वाट्यांमध्ये बसवते. मी स्टुलावर बसून काट्याकडे बघतो.

“किती?”

“एकोणतीस.”

थेंब टाकते. “आता?”

“एकोणतीसच. थांब. सत्तावीस. एकोणीस. उतरतोय. अकरा. अकरावर थांबला.”

तिने टेबलाची कड धरली. “परत सांग.”

परत सांगितलं. मी आजवर त्या मिठाला हसलो, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत दार लावून घेत होतं. पाच वेळा तसंच झालं. सहावीला काटा चोवीसवर होता आणि थेंब टाकायच्या आत वीज गेली. आम्ही तसेच बसून राहिलो. वीज आली तोवर कातडी मेली होती, काटा शून्यावर. सातवी जळू नाही.

मी म्हटलं, “सहावी लिहून टाकू. चोवीसवरून नऊ. पाचही तशाच आल्या, कुणाला काय कळतंय?”

“पाच लिही.”

“पाचांवर छापत नाहीत म्हणालीस.”

“नाही छापणार. पाच लिही, फेर्मिन.”

पाच लिहिलं. मग मला तिथे बसवेना. बाहेर जाऊन आलो, आणि तिला सांगून टाकलं. चुचोने चिठ्ठी मला दिली होती. मी वाचली, खिशात घातली आणि डॉमिनो खेळायला बसलो, कारण समुद्र आजवर विहिरीच्या पुढे आला नव्हता. खिशातून पडलेली ती चिठ्ठी तुला मिळाली, आणि तू शेजारचं खेचर मागून आणून होडी एकटीने टेकडीवर ओढलीस. तू आजपर्यंत कुणाला एक शब्द बोलली नाहीस, मलाही नाही. तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

मग नेरेइदाही एक गोष्ट बोलली, आईच्या वेळच्या त्या तारेची. ती पत्रात लिहिण्यासारखी नाही.

उद्या तिला इस्पितळात भरती करतोय. तिथे इंजेक्शनं देतात. परत आलो की मी सभेत उभा राहून सांगणार आहे. तू अडवू नकोस.

फेर्मिन


पुंता मांग्ले
३ ऑगस्ट १९९३

नेरेइदा,

तुझं जुलैचं पत्र आलं. मी पत्रं लिहिणाऱ्यातली नाही, पण फेर्मिन चर खणून येतो आणि जेवता जेवताच झोपतो, म्हणून मीच लिहिते.

त्याने सभेत सगळं सांगितलं. कुणी ओरडलं नाही, ओरडले असते तर बरं झालं असतं. चुचो उठला, कोपऱ्यातली सायकल घेतली आणि निघून गेला. आमच्याशी बोलत नाही. पत्रं कुंपणावरून आत फेकतो, तुझं डबक्यात पडलं होतं, मी वाळवून वाचलं. लादिस्लाओने फेर्मिनला वाफ्यांवरून काढलं आणि खारं पाणी निघून जाण्यासाठी शेतातून चर खणायच्या कामाला लावलं. वाफे माझ्याकडे दिले. मी म्हटलं, माझे पाय असे, मला जमायचं नाही. लादिस्लाओ म्हणाला, “होडी ओढताना पाय कसे होते?”

जुलैत पाऊस झाला. अंडी फुटली. होडीतून सहा वाफे भरले आहेत. पण उगाच खोटं कशाला सांगू, खायला अजून काही नाही. टेकडीवर रताळ्याचे वेल लावलेत, ते धरतील तेव्हा धरतील. खालच्या शेतात लावलेलं सगळं करपलं. आणखी तीन घरं गेली. एका घरच्यांनी दाराची फळीसुद्धा नेली, कशासाठी ते आम्ही विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले की नजर जेवढी परत यायची तेवढी आली, बाकीची येणार नाही, असं तू लिहिलंस. रस्ता दिसतो, तोंडं दिसत नाहीत, काटा दिसत नाही. खोलीला कुलूप लागलं. पाच जळवांचा कागद कुणी घेतला नाही. मला त्यातलं कळत नाही, त्यामुळे दुःख करू नकोस असं मी सांगणार नाही. फेर्मिन तो कागद वाचायला मागतोय. नक्कल असली तर घेऊन ये.

हो, ये म्हणतेय. गोळ्यांनी माझे पाय निवले, पण हाताची बोटं बधिर राहिली. सुई टोचली तरी कळत नाही. वाफ्यात हात घालते आणि ओल आहे की नाही ते मला समजत नाही. गेल्या आठवड्यात एक वाफा आतून कोरडा पडला, मला वाटलं ठीक आहे, दीडशे गेली. इथे दुसऱ्या कुणाचा हात तयार नाही, आणि फेर्मिनला सभा वाफ्यांच्या जवळ येऊ देत नाही. तुझी बोटं शाबूत आहेत, जळू न बघता चिरतेस असं तो सांगतो. तू हात घाल, मी बघते. दोघी मिळून एक धड बाई होऊ.

खोली झाडली आहे. आईची खाट आहे, दुसरी नाही, तुला चालेल ना ते आल्यावर बघू. शनिवारी कोळशाचा ट्रक हवानाहून रिकामा परततो, ड्रायव्हरला सांगून ठेवलंय. पुढे त्याच्या शेजारी बस. मागे बसलीस तर काळीकुट्ट होऊन उतरशील, आणि अंघोळीला इथे पाणी मोजून मिळतं.

ओदालिस